बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या टाइल्स: आधी पाणी बघा, मग रंग

शोरूममध्ये टाइल उभी असते, कोरडी असते आणि तिच्यावर वरून दिव्याचा झोत सोडलेला असतो. घरी आल्यावर तीच टाइल जमिनीवर आडवी पडते, रोज ओली होते, आणि तिच्यावरून साबणाचं, तेलाचं नाहीतर बोअरच्या क्षाराचं पाणी वाहतं. म्हणून दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हाताशी ठेवावीत: या जागी पाणी किती पडणार, ते जाणार कुठे, आणि टाइलमध्ये किती मुरणार? या उत्तरांनी बरेचसे नमुने आपोआप बाद होतात. उरतील त्यांतून रंग खुशाल आवडीने निवडा.

सिरॅमिक की व्हिट्रिफाइड

दुकानदार हे दोन शब्द दिवसभर बोलतो, पण त्यांचा अर्थ फार थोड्या गिऱ्हाइकांना कोणी उलगडून सांगतं. भिंतीच्या नेहमीच्या सिरॅमिक टाइलचं अंग सच्छिद्र असतं. वर काचेसारखा ग्लेझचा थर असतो, म्हणून समोरून पाणी मुरत नाही. मागची भाजलेली माती मात्र स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. व्हिट्रिफाइड टाइलच्या मिश्रणात फेल्डस्पार हे खनिज जास्त असतं आणि ती १२०० अंशांच्या आसपास भाजतात. तेवढ्या उष्णतेत माती अर्धवट वितळून काचेसारखी घट्ट होते आणि पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत येतं.

हे तपासायला प्रयोगशाळा नको. टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. भिंतीच्या सिरॅमिक टाइलवर थेंब बघता बघता जिरतो आणि ओला डाग उरतो. व्हिट्रिफाइडवर तो थेंब तसाच बसून राहतो. मागची माती लाल की पांढरी, यावरून फारसं काही ठरत नाही.

भिंतीला सिरॅमिक चांगली. वजनाला हलकी, कापायला सोपी, भोक पाडताना तडकण्याची भीती कमी, आणि सच्छिद्र पाठीमुळे सिमेंट तिला घट्ट धरतं. जमिनीला व्हिट्रिफाइड घ्या, कारण तिथे बादली आपटते, कुकरचं झाकण पडतं, स्टूल सरकतं. भिंतीलाही व्हिट्रिफाइड लावायची हौस असेल तर लावा, पण मग ती बसवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच बदलली जात नाही. त्याबद्दल पुढे.

व्हिट्रिफाइडमध्येही पोटजाती आहेत. डबल चार्जमध्ये वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर रंगीत असतो, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापरानेही रंग उडत नाही. पण ती पॉलिश केलेली असते आणि ओली झाली की पाय सटकतो. जीव्हीटी म्हणजे व्हिट्रिफाइड अंगावर छापील नक्षी आणि त्यावर ग्लेझ; ही मॅट (बिनचमकीच्या), सॅटिन (मंद चमकीच्या) अशा फिनिशमध्ये मिळते. पीजीव्हीटी म्हणजे तिचीच चकचकीत बहीण. फुल बॉडीमध्ये रंग आरपार असतो, म्हणून कडा घासून दोन टाइल्स कोनात जोडायच्या असतील, तर तिला तोड नाही. बाथरूमच्या जमिनीसाठी मॅट जीव्हीटी किंवा मॅट फुल बॉडी एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाय कशावर टिकतो

जुन्या वाड्यांतल्या न्हाणीत शहाबादी फरशी असायची, तीही फारशी न घासलेली. दिसायला साधी, पण तिच्यावर पाय रोवून उभं राहता यायचं. चकचकीत टाइलच्या नादात आपण घालवलं ते नेमकं हेच.

आपल्याकडे आंघोळ बहुधा बादली-तांब्याने होते आणि सगळी जमीन भिजते. काचेच्या पार्टिशनच्या आत शॉवर आणि बाहेर कोरडी जागा, अशी घरं अजून थोडी. त्यामुळे 'वेट एरिया'पुरती खरबरीत आणि बाकी गुळगुळीत ही कॅटलॉगमधली विभागणी इथे चालत नाही. दारापासून न्हाणीच्या जाळीपर्यंत एकच घसरणरोधक टाइल हवी.

कॅटलॉगमध्ये आर ९, आर १०, आर ११ असे आकडे दिसतील. ही जर्मन पद्धत आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवतात, तिच्यावर तेल ओततात, कामगाराचे बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो आणि किती अंशांच्या चढावर तो घसरायला लागतो ते मोजतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९, आर ११ म्हणजे १९ ते २७. गंमत अशी की या चाचणीत पायात बूट असतात आणि आपण आंघोळ अनवाणी करतो. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी धरून केलेली वेगळी चाचणी आहे. तिचे वर्ग ए, बी आणि सी, म्हणजे अनुक्रमे किमान १२, १८ आणि २४ अंश. दुकानात मुद्दाम विचारा, 'अनवाणी वर्ग बी आहे का?' बहुतेक ठिकाणी माहिती मिळणार नाही. तेव्हा आर १० ला किमान समजा. घरात वयस्कर माणसं असतील, तर आर ११ कडे झुका.

आर ११ च्या वर मात्र घरात जाऊ नका. जितकी खरबरीत टाइल, तितका तिच्या खाचांत साबण आणि क्षार अडकतो. बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत अशी जमीन काही महिन्यांत काळपट पडते, मग ती ॲसिडने घासली जाते, आणि ॲसिडने सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. क्षाराचं पाणी असेल तर काळ्या, गडद निळ्या चकचकीत टाइल्स भिंतीलाही टाळा. सुकलेल्या प्रत्येक थेंबाचा पांढरा गोल त्यांच्यावर उमटतो. मधला राखाडी, मातकट, वाळूचा रंग हे सगळं निमूट पोटात घालतो.

नमुना बघताना बरोबर पाण्याची बाटली आणि साबणाची वडी न्या. टाइल जमिनीवर ठेवायला सांगा, ओली करा, साबण फिरवा आणि चप्पल काढून टाच त्यावर घासा. दुकानदाराला विचित्र वाटेल. वाटू द्या.

मोठी टाइल आणि पाण्याचा ढाळ

सध्या सगळीकडे दोन बाय चार फुटांच्या टाइल्सची चलती आहे. हॉलमध्ये त्या छान दिसतात. बाथरूमच्या जमिनीवर मात्र त्यांचं गणित बसत नाही, आणि कारण भूमितीचं आहे.

बाथरूमला ढाळ लागतो. १:८० हा चांगला ढाळ. ७ फूट लांबीला साधारण २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून थोडा जास्त. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जाण्याची जाळी, बहुधा कोपऱ्यात असतो, त्यामुळे जमीन दोन दिशांनी एकाच वेळी त्याच्याकडे उतरायला हवी. मोठी सपाट टाइल दोन दिशांनी वाकत नाही. मग मिस्त्री दोनपैकी एक करतो: ढाळ कमी ठेवतो, म्हणजे कोपऱ्यांत पाणी साचतं, नाहीतर टाइल कर्णरेषेत कापून चार त्रिकोण करतो, आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या मोठ्या टाइलची शोभा तिथेच संपते. ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या, म्हणजे एक फुटी टाइलला हा त्रास नाही. प्रत्येक तुकडा आपापला थोडा कललेला बसतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते.

बाथरूमची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा अर्धा ते पाऊण इंच खाली हवी आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरा हवा. जमिनीची टाइल आधी आणि भिंतीची सगळ्यात खालची ओळ तिच्यावर टेकवून नंतर, हा क्रमही बघा. भिंतीवरून ओघळलेलं पाणी मग थेट टाइलवर येतं, सांध्यात घुसत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. टाइल, ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण), इपॉक्सी (त्याचाच रेझिनचा प्रकार) यांतलं काहीही वॉटरप्रूफिंग नाही. वॉटरप्रूफिंग म्हणजे कोब्याखाली आणि भिंतीवर किमान फूटभर वर चढवलेला थर. तो झाला की जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. ते न करता टाइल लावली आणि पुढे गळती निघाली, तर महागातली महाग टाइलही फोडावीच लागते. शिवाय सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचाच.

स्वयंपाकघर

ओट्यामागच्या भिंतीची, म्हणजे डॅडोची, गरज बाथरूमच्या अगदी उलट. तिथे कोणी चालत नाही, पाणी साचत नाही; फोडणीचे शिंतोडे तेवढे उडतात. म्हणून गुळगुळीत, चकचकीत सिरॅमिक घ्या. उठावाची नक्षी, दगडासारखा पोत, खाचांच्या मोझॅक पट्ट्या गॅसच्या मागे लावू नका. तेलाची वाफ खाचांत बसते, तिच्यावर धूळ बसते, आणि ते दोन्ही मिळून जे काही तयार होतं ते कुठल्याही साबणाला दाद देत नाही. कपबशी आणि द्राक्षांचे घोस छापलेल्या 'हायलायटर' टाइल्सबद्दल तक्रार फक्त एकच: पाच वर्षांनी एक फुटली, तर तशीच दुसरी मिळत नाही.

ओटा आणि वरची कपाटं यांच्यामध्ये बहुधा दोन फुटांचं अंतर असतं. ३०० बाय ६०० ची टाइल उभी लावली तर एकच ओळ, आडवी लावली तर बरोबर दोन ओळी. १० फुटी ओट्याला ११-१२ टाइल्स लागतात. स्विचबोर्डसाठी चौकोनी कापताना आतल्या कोपऱ्यांना आधी ड्रिलने छोटं भोक पाडून मग कटर चालवायला सांगा. सरळ कटरने कोपरा मारला की तिथूनच केसासारखी तडा सुरू होते आणि ती दिसते सहा महिन्यांनी.

जमिनीला मॅट किंवा सॅटिन जीव्हीटी, दोन बाय दोन फूट. स्वयंपाकघराला बाथरूमसारखा ढाळ नसतो, त्यामुळे मोठा आकार चालतो. ग्लेझ किती झिजेल हे 'पीईआय' या आकड्यावरून कळतं, ० ते ५. स्वयंपाकघराच्या जमिनीला किमान ३ घ्या. भिंतीला ० किंवा १ सुद्धा पुरतो.

पॉलिश केलेल्या टाइलवर सूक्ष्म छिद्रं उघडी पडलेली असू शकतात आणि हळद त्यांत जाऊन बसते. एक नमुना घरी आणा, चमचाभर तेलात हळद कालवून रात्रभर त्यावर ठेवा आणि सकाळी साध्या साबणाने धुवा. पिवळी सावली उरली, तर ती टाइल आपल्या स्वयंपाकघरासाठी नाही.

किती घ्यायच्या

५ बाय ७ फुटांचं बाथरूम धरू. परिमिती २४ फूट, टाइल ७ फुटांपर्यंत. म्हणजे १६८ चौरस फूट. अडीच बाय सात फुटांचं दार वजा केलं, साडेसतरा गेले. दोन बाय दोनची खिडकी वजा केली, चार गेले. उरले १४६.५. कापाकापीसाठी दहा टक्के धरले की सुमारे १६१. ३०० बाय ६०० ची एक टाइल १.९४ चौरस फूट भरते, म्हणजे ८३ टाइल्स. बॉक्समध्ये ५ असतील तर १७ बॉक्स. जमीन ३५ चौरस फूट. एक फुटी टाइल प्रत्यक्षात ०.९७ चौरस फूट भरते, त्यामुळे दहा टक्के धरून ४० टाइल्स. बॉक्समधली संख्या कंपनीगणिक बदलते, तेवढी विचारून घ्या.

हे क्षेत्रफळाचं गणित झालं. आता ओळींचं बघा, कारण चूक तिथे होते. ७ फूट म्हणजे २१३४ मिलिमीटर. टाइल आडवी लावली तर ३०० च्या सात ओळी आणि दोन मिलिमीटरचे सहा सांधे मिळून २११२. वर २२ मिलिमीटर उरतात. 'सात फूट म्हणजे सात फूट' असं धरून बसलेला मिस्त्री तिथे दोन सेंटिमीटरची चिंधी लावेल आणि ती चिंधी तुम्हाला रोज दिसेल. त्याला आधीच सांगा: सात पूर्ण ओळी, तिथेच थांब. टाइल उभी लावली तर तीन ओळींत १८०४ होतात आणि चौथ्या ओळीत ६०० पैकी ३३० चाच तुकडा लागतो. उरलेला २७० चा तुकडा कुठेच बसत नाही. त्यामुळे त्याच बाथरूमला दोन-तीन बॉक्स जास्त लागतात. टाइल आडवी की उभी हे ऑर्डर देण्याआधी भिंतीवर खडूने ओळी मारून ठरवा.

बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा किंचित फरक पडतोच, शिवाय मापातही अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. सगळा माल एकाच वेळी, एकाच बॅचचा उचला आणि टेम्पो परत जाण्याआधी प्रत्येक बॉक्सचा नंबर बघा. 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' या दर्जांतही फरक आहे. दुसरा स्वस्त मिळतो तो कडा आणि ग्लेझमधल्या बारीक दोषांमुळे. माळ्यावर एक बॉक्स शिल्लक ठेवा, नळाची दुरुस्ती कधी ना कधी निघतेच.

बसवणं

सिमेंटवर सिरॅमिक टाइल लावायची असेल, तर ती आधी पाण्यात भिजवतात. कोरडी लावली तर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट अर्धकच्चं राहतं. व्हिट्रिफाइडच्या पाठीत मात्र सिमेंटला शिरायला जागाच नाही. ती सिमेंटवर चिकटल्यासारखी दिसते आणि दोन-चार वर्षांनी अख्खी सुटून येते. ६०० बाय १२०० ची एक टाइल १४-१५ किलोची असते. ती डोक्याच्या उंचीवरून सुटली तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून व्हिट्रिफाइडला टाइल ॲडहेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचं तयार मिश्रणच, हवं. त्याच्या पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि प्रकार छापलेला असतो: आतल्या भागातल्या सिरॅमिकला टाइप १, व्हिट्रिफाइडला टाइप २, मोठ्या आकाराला आणि नैसर्गिक दगडाला टाइप ३. ॲडहेसिव्हने लावताना टाइल भिजवायची नाही. तीन मिलिमीटरच्या थराला २० किलोचं पोतं साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतं. मात्र त्यासाठी प्लास्टर ओळंब्यात हवं. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावा. मागून तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर आधी प्लास्टर दुरुस्त करून घ्या. ॲडहेसिव्हने खड्डे भरायचे नसतात.

दात्यांच्या थापीने ते भिंतभर एकाच दिशेने ओढायचं, मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबणारे मिस्त्री भरपूर आहेत, काम भराभर उरकतं म्हणून. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, आणि गीझर टांगायला ड्रिल लावलं की टाइल तिथेच तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. 'टक' आला तर भरीव, 'ढब' आला तर ती काढून पुन्हा लावायला सांगा.

जॉइंट-फ्री, म्हणजे बिनसांध्याची टाइल, हा विक्रीचा शब्द आहे. कडा घासून एकसारख्या केलेल्या, म्हणजे रेक्टिफाइड टाइललाही सांध्याची फट राखणारा दोन मिलिमीटरचा स्पेसर लागतो. साध्या कडांना तीनचा. उन्हाने, ओलाव्याने टाइल आणि इमारत दोन्ही किंचित हलतात, आणि हलायला जागा नसेल तर टाइल्स एकमेकींना रेटून जमिनीवरून उठतात.

सांध्यात व्हाइट सिमेंट भरू देऊ नका. ते पिवळं पडतं, भेगाळतं आणि ॲसिडने विरघळतं. भिंतीला पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट चालेल. बाथरूमची जमीन, सिंकच्या आसपास आणि गॅसच्या मागे इपॉक्सी घ्या. त्याचे तीन घटक असतात, रेझिन, हार्डनर आणि भुकटी. डबा एकदम कालवला तर अर्ध्या-पाऊण तासात तो हातातच कडक होतो, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. वाळलेल्या इपॉक्सीचा धुरकट थर नंतर घासून निघत नाही. मॅट टाइलवर तर तो कायमचाच.

काम संपल्यावर मिस्त्री ॲसिडची बाटली काढेल. तिथे त्याला थांबवा. ॲसिडने सिमेंटचं ग्राउट पोखरलं जातं, नळाचं क्रोम आणि स्टीलची जाळी काळवंडते. सिमेंटचे डाग लाकडी पट्टीने खरवडून, पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने निघतात. वेळ लागतो एवढंच.

शेवटचा हप्ता देण्याआधी दारात उभं राहून जमिनीवर एक बादली पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी परत या. पातळ ओल राहील, ती चालते. कमोडच्या मागे किंवा दाराच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जाड थारोळी दिसली, तर तेवढ्या टाइल्स मिस्त्री साइटवर आहे तोवरच उचलून घ्या.